पिवळ्या उजेडाबद्दल आभार

प्रिय काका,

सा. न.

गणपतीच्या आधी मखराच्या लायटिंगची इतकी कामं अंगावर असताना तुम्ही माझ्या खेळण्यातल्या रेल्वेसाठी तीन संध्याकाळी दिल्यात. तोंडावर आभार मानले असते तर ‘गप रव’ म्हणाला असतात, म्हणून हे पत्र.

मी मोठ्या हौसेने यार्डावर पांढऱ्या एलईडीची पट्टी ठोकली होती. तुम्ही दारातूनच म्हणालात, “ह्यां यार्ड आसा काय लग्नाचो माटव?” मग विचारलंत, साल कुठलं? मी म्हटलं, १९९९. कोलाडहून कोकण रेल्वेची रो-रो, म्हणजे ट्रकच मालगाडीवरून नेणारी सेवा, नुकतीच सुरू झालेली, वाघिणींवर ट्रक चढतायत. “मगे तेव्हा सोडियमचे दिवे. ह्यो पांढरो उजेड खयसून हाडलंस?” डब्यांचे नंबर मी भिंग लावून रंगवले होते, पण हे डोक्यातच आलं नव्हतं.

खांब तुम्ही मोडक्या छत्रीच्या काड्यांचे केलेत. खरा दिवा ३० मीटर उंच, आपलं माप १:८७, म्हणजे साधारण ३५ सेंटिमीटर. काडीच्या पन्हळीत पंख्याच्या वाइंडिंगची तार अशी बसली की आता शोधूनही सापडत नाही. वर टोपी म्हणून टिचबटण! १२ व्होल्टवर मी ४७० ओहमचा रेझिस्टर लावला होता, तुम्ही ४.७ किलोओहमचा लावलात. करंट जेमतेम २ मिलिअँपिअर, म्हणून उजेड मंद. वॉर्म व्हाइट एलईडीवर काचेवर मारायच्या नारिंगी रंगाचा एक हात दिलात. आता खांबाखाली पिवळं वर्तुळ पडतं आणि दोन खांबांच्या मध्ये वाघिणींच्या नुसत्या पाठी दिसतात.

केबिन तर आकाशकंदिलासारखी पेटायची, प्लास्टिकच्या भिंतींतून उजेड झिरपून. आतून काळा रंग मारल्यावर उजेड फक्त खिडकीतून येतो. (तो रंग माझ्या शर्टावरही आहे. आईने अजून पाहिलेला नाही.)

पैशांचं विचारलं तर तुम्ही रागावलात आणि जाताना सोलांची पिशवी मात्र हक्काने नेलीत. बरं वाटलं.

शेवटच्या कोपऱ्यातला सहावा दिवा तुम्ही जोडलाच नाहीत. यार्डात एक तरी गेलेला असतोच, म्हणालात. येणारा प्रत्येक जण मला सांगतो, “तो एक बंद पडलाय बघ.” मी “हो, बघतो,” म्हणतो.

तुमचा,
शेजारचा बाबू
कुडाळ