खार्किव्हच्या त्या आजींचे आभार
२४ फेब्रुवारी २०२२ ला युक्रेनमध्ये युद्ध पेटलं तेव्हा आमची मुलगी तिथे खार्किव्हला मेडिकलला होती. बॉम्बहल्ले सुरू होताच लोक भुयारी मेट्रो स्टेशनांत उतरले, तीही त्यांच्यासोबत. इथे फोंड्यात आमचा जीव टांगणीला. फलाटावर कुडकुडत बसलेल्या आमच्या पोरीला एका आजींनी स्वतःच्या पायांतले लोकरी मोजे काढून घातले, वर आपला चार्जर देऊन "घरी बोल" असं खुणेनं सांगितलं. तो फोन आला, तेव्हा कुठे आमच्या घशाखाली घास उतरला. पुढे ल्विव्ह स्टेशनवर स्वयंसेवक मुलांनी गरम सूप दिलं, पोलंडच्या गाडीपर्यंत सोबत केली. त्यांचं स्वतःचं शहर संकटात होतं हो! आजी, तुमचं नाव विचारायचं राहिलं. तुम्हा सगळ्यांचं देव बरें करूं.