किनाऱ्यावरच्या घोड्याची पाठ पावसाळ्यात घडवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

अलिबाग-मुरूड पट्ट्यातील समुद्रकिनाऱ्यांवर पर्यटकांना फिरवणाऱ्या घोड्यांविषयी वाचकांच्या पत्रांत अधूनमधून वाद रंगतो. काहींच्या मते ही सवारी कायमची बंद व्हावी, तर काही जण घोडेवाल्यांच्या चुलीचा प्रश्न पुढे करतात. दोन्ही बाजूंची कळकळ मला समजते. परंतु ज्या पाठीवरून हा सारा वाद चालतो ती पाठ ओझे कशाच्या बळावर पेलते आणि ते बळ वाढवता येते का, याविषयी कोणी लिहिलेले माझ्या वाचनात आले नाही. पशुधन पर्यवेक्षक म्हणून माझी सारी नोकरी याच जिल्ह्यात झाली आणि निवृत्तीनंतर एका घोडीबरोबर एक संपूर्ण पावसाळा घालवण्याची संधी मिळाली, त्या आधारावर हे पत्र लिहीत आहे.

घोड्याची पाठ पाहणाऱ्याला फळीसारखी भक्कम वाटते. प्रत्यक्षात ती छातीचे 18 आणि कमरेचे साधारण 6 मणके मिळून झालेली एक लांब साखळी आहे, आणि पुढच्या व मागच्या पायांमधल्या अंतरात तिला खालून कसलाही टेकू नाही. पुढचे पाय तर धडाला हाडाने जोडलेलेच नसतात. माणसाला गळ्याखाली जे आडवे हाड असते ते घोड्याला नसल्यामुळे त्याची छाती दोन खांद्यांच्या मध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेली असते, आणि उभ्या घोड्याच्या वजनापैकी सुमारे 60 टक्के भार या पुढच्या पायांवरच असतो. स्लायपर नावाच्या डच प्राणिशास्त्रज्ञाने 1946 मध्ये या रचनेला धनुष्याची उपमा दिली, ती मला अजूनही सर्वांत सुबोध वाटते. कणा म्हणजे धनुष्याचा दांडा आणि पोटाचे स्नायू म्हणजे त्याची दोरी. दोरी ताणलेली असली की दांड्याची कमान टिकते. दोरी सैल पडली की वर बसलेल्या माणसाच्या वजनाने कमान खाली दबते आणि खोगिराखालच्या मणक्यांची वर आलेली टोके एकमेकांना घासू लागतात.

खोगीर ज्या लांब मांसल पट्ट्यांवर बसते ते कण्याच्या दोन्ही बाजूंचे स्नायू मुळात चालण्या-धावण्याचे आहेत. त्यांना ओझे धरून ठेवायला लावले की ते ताठरतात, थकतात आणि हळूहळू झिजतात, आणि मग कण्याची धार वर दिसू लागते. एका मणक्याला दुसऱ्याशी आवळून धरण्याचे काम त्यांच्याखाली खोलवर असलेल्या मल्टिफिडस नावाच्या आखूड स्नायूंचे आहे. हे स्नायू, पोटाचे स्नायू आणि कमर-पुठ्ठ्याचे स्नायू मिळून जे तयार होते त्याला हल्ली व्यायामशाळेत ‘कोअर’ म्हणतात. घोड्याचे हे कोअर पाठीवर माणूस बसवून घडत नाही. ते आधी जमिनीवरून, हातात दोरी धरून घडवावे लागते, आणि आपल्याकडे नेमके तेच होत नाही.

कारण आपला हंगाम पाहावा. जून उजाडला की मांडव्याच्या लाँच बंद होतात, काशीदच्या सुरूच्या बनात शुकशुकाट होतो, आणि घोडा तबेल्यात अगाडी-पिछाडी बांधून तीन-चार महिने उभा राहतो. चंदी कमी होते, पेंढा वाढतो, पोट सुटते, पाठ खचते. मग दिवाळीच्या सुट्टीत पहिल्याच दिवशी त्याच पाठीवर सकाळपासून अंधार पडेपर्यंत फेऱ्या सुरू होतात. कोणताही मल्ल चार महिने अंथरुणात पडून थेट आखाड्यात उतरत नाही.

आमच्या आळीतल्या एका घोडेवाल्याची घोडी तंग (खोगिराचा पोटाखालून जाणारा पट्टा) आवळताना कान मागे पाडून चावायला येऊ लागली, तेव्हा ‘काका, ही आता खुनशी झाली, विकून टाकतो,’ असे तो मला म्हणाला. मी तिच्या पाठीवरून सपाट हात फिरवला, तर कमरेच्या थोडे पुढे बोटे पोचताच ती खाली दबली. अशा खोडी नोकरीत मी शेकडो वेळा पाहिल्या होत्या आणि बहुतेक वेळा स्वभावाच्या खाती टाकल्या होत्या, याचे मला आज वाईट वाटते. पशुवैद्यकांना दाखवून, दुखणे उतरेपर्यंत विश्रांती देऊन आम्ही जूनच्या अखेरीस सराव सुरू केला. दुखऱ्या पाठीवर व्यायाम लादू नये, हे इथेच स्पष्ट सांगतो. आधी तपासणी, मगच सराव.

पहिला व्यायाम खाऊ दाखवून मान वळवण्याचा. घोडा सपाट जागी चारही पाय समान टेकून उभा करावा आणि हातातल्या खाऊच्या मागे त्याचे तोंड आधी छातीपर्यंत, मग दोन गुडघ्यांच्या मध्ये, मग पुढच्या खुरांपाशी आणावे. त्यानंतर दोन्ही बाजूंना तंगाच्या जागेपर्यंत, कुशीपर्यंत आणि शेवटी मागच्या पायाकडे न्यावे. प्रत्येक ठिकाणी सुमारे 5 सेकंद थांबवावे आणि प्रत्येक हालचाल 5 वेळा करावी. मान खाली जाते तेव्हा मानेच्या वरच्या बाजूचा जाड बंध ताणला जातो, तो खांद्यामागच्या उंचवट्याचे मणके पुढे ओढतो आणि पाठ आपोआप वर येते. मान बाजूला वळते तेव्हा तोल सावरण्यासाठी पोट आणि खोल स्नायू आवळले जातात. घोडा पाय सरकवून चुकवाचुकवी करत असेल तर आपण फार लांब नेत आहोत असे समजावे. पावसाळ्यात गाजर महाग पडते, म्हणून आम्ही परसातल्या काकडीच्या लांब फोडी वापरल्या. फोड लांब असली म्हणजे बोटेही वाचतात.

अमेरिकेतील मिशिगन स्टेट विद्यापीठाच्या संशोधकांनी 2011 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात 8 घोड्यांकडून असेच व्यायाम आठवड्यातून 5 दिवस, 3 महिने करून घेतले आणि अल्ट्रासाउंडने मोजले, तेव्हा मल्टिफिडस स्नायूचा आकार वाढलेला आढळला. तीन महिने हा आकडा वाचून मला आपला पावसाळाच आठवला. ज्या काळात घोड्याला काम नसते, तोच काळ या कामाला पुरतो.

दुसरा व्यायाम पोट उचलण्याचा. घोड्याच्या खांद्याजवळ, बाजूला उभे राहून छातीच्या हाडावर, पुढच्या पायांच्या किंचित मागे, बोटांच्या टोकांनी वर हळूहळू दाब द्यावा. घोडा पोट आत घेतो आणि पाठ वर येताना डोळ्यांना दिसते. तसेच शेपटीच्या मुळाच्या दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्यावरून खाली बोटे ओढली तर तो कमरेतून वाकतो आणि ओटीपोट आत घेतो. शेपूट एका बाजूला हलकेच ओढून धरली की उलट बाजूला तोल सावरताना कमर-मांडीचे स्नायू घट्ट होतात. या दोन्ही गोष्टी लाथ मारण्याची सवय असलेल्या जनावरावर अनोळखी माणसाने करू नयेत. नखे रुतवून घोडा दचकवला तर पाठ वर येते खरी, पण ती भीतीने येते, आणि त्यातून बळ मिळत नाही.

तिसरा भाग चालण्याचा आहे आणि माझ्या मते खरे घडणे इथेच होते. वाडीत पडलेल्या पोफळीचे 4 सरळ सोट आम्ही अंगणात आडवे मांडले, दोन सोटांमध्ये सुमारे 70 सेंटिमीटर अंतर ठेवले, आणि ते घरंगळू नयेत म्हणून टोकांना नारळाची सोडणे अडकवली. पाय दोन सोटांच्या बरोबर मध्ये पडला पाहिजे. तो पडत नसेल तर घोड्याच्या पावलानुसार अंतर बदलावे. मोहरकीला (तोंडावरच्या दोरखंडी पट्ट्याला) लावलेली दोरी सैल ठेवून, मान मोकळी सोडून, घोडीला सावकाश त्यावरून नेले. दोन आठवड्यांनी चिऱ्याच्या कपच्या लावून सोटांची टोके 10 ते 15 सेंटिमीटर उचलली. पाय उंच उचलावा लागला की पोट आवळल्याशिवाय चालतच नाही. घाईघाईत दुडक्या चालीने पार करवण्यापेक्षा मंद पावलाने केलेले चार फेरे अधिक उपयोगी पडतात. सोटाच्या जागी बांबू मात्र वापरू नये, तो पायाखाली फुटून चिरा निघतात.

मागे चालवणे हाही असाच साधा पण परिणामकारक प्रकार आहे. लगामाला हिसके न देता, छातीवर हात टेकवून, मान खाली ठेवून, सरळ रेषेत 3-4 पावले मागे घ्यावीत. त्यात मागचे पाय पोटाखाली दुमडतात आणि भार पुढच्या पायांवरून मागे सरकतो. कोकणात चढ-उतारांची वाण नाही. वाडीतून सड्यावर जाणारी एखादी मातीची वाट आठवड्यातून दोन-तीनदा सावकाश चढवली आणि त्याहून सावकाश उतरवली तर पुठ्ठे भरतात. ओल्या जांभ्यावरचे शेवाळ मात्र घातक आहे, तिथे घोडा घसरला तर सारा सराव फुकट जातो. दोरीवर गोल फिरवायचे तर वर्तुळ मोठे, सुमारे 20 मीटर व्यासाचे ठेवावे, दोन्ही बाजूंना सारखा वेळ द्यावा आणि दहा-एक मिनिटांत थांबावे. लहान रिंगणात घोडा पळवणे म्हणजे त्याच्या सांध्यांची झीज ओढवून घेणे. डोके दोरीने खाली बांधून ठेवण्याची पद्धतही काही जण वापरतात. तिने मान वाकलेली दिसते, पाठ मात्र तशीच खचलेली राहते.

भरतीरेषेवरची कोरडी, भुसभुशीत वाळू या कामाला योग्य नाही, कारण तीत पायांतल्या, स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांवर फार ताण येतो. ओहोटीनंतरची ओली, घट्ट वाळू त्याहून कितीतरी बरी, पण पावसाळ्यातल्या उधाणात किनाऱ्यावर न जाणेच शहाणपणाचे.

ऑक्टोबरमध्ये खोगीर चढवले तेव्हा घोडीच्या कण्याच्या दोन्ही बाजूंचे खळगे भरलेले होते. तंग आवळताना ती अजूनही मागे वळून पाहते, पण चावत नाही. एका जनावरावरून मी सिद्धान्त मांडत नाही. खोगीरही त्याच वेळी बदलले होते आणि त्याचाही वाटा असणारच.

हा सराव ओझे वाढवण्याचा परवाना नव्हे, हेही लिहिले पाहिजे. घोड्याच्या छातीचा घेर सेंटिमीटरमध्ये मोजून त्याचा वर्ग करावा, त्याला खांद्याच्या टोकापासून पुठ्ठ्याच्या टोकापर्यंतच्या लांबीने गुणावे आणि 11,880 ने भागावे, म्हणजे किलोमध्ये अंदाजे वजन मिळते. घेर 142 आणि लांबी 135 असलेल्या तट्टाचे वजन सुमारे 229 किलो भरते. आपल्या वजनाच्या 20 टक्क्यांपर्यंत ओझे घोड्याने वाहावे, हा घोडदळातून चालत आलेला आणि पुढे प्रयोगांतही बराचसा टिकलेला ठोकताळा लावला, तर या तट्टावर खोगिरासह 46 किलो बसू शकतात. ओझी वाहणाऱ्या जनावरांसाठीच्या 1965 च्या केंद्रीय नियमांत तट्टाच्या पाठीवर 70 किलोंची कमाल मर्यादा आहे, दिवसाला एकूण 9 तासांहून अधिक व सलग 5 तासांहून अधिक काम घेण्यास मनाई आहे, आणि पारा 37 अंशांच्या वर गेला असता दुपारी 12 ते 3 काम घेऊ नये असेही त्यात म्हटले आहे. तेव्हा धष्टपुष्ट पर्यटकाला लहान तट्टावर बसवताना घोडेवाल्याने ‘नाही’ म्हणायला शिकले पाहिजे, आणि पर्यटकानेही ते ऐकून घेतले पाहिजे. मणक्यांची वाढ साडेपाच-सहा वर्षांपर्यंत चालू असते, म्हणून दोन-तीन वर्षांच्या शिंगराला सवारीला जुंपणे तर सर्वथा चुकीचे आहे. त्या वयात त्याच्याकडून हा जमिनीवरचा सराव तेवढा हळुवारपणे करून घ्यावा.

घोडेवाला हे मुद्दाम टाळतो असे नाही. त्याला ते कोणी दाखवलेलेच नाही. नालबंद नाल ठोकून जातो, डॉक्टर आजारपणात येतात, पण निरोगी घोडा कसा घडवावा हे शिकवणारे कोणी त्याच्या दारी येत नाही. म्हणून रायगड आणि रत्नागिरी जिल्हा परिषदांच्या पशुसंवर्धन विभागांना माझी विनंती आहे की, जूनच्या पहिल्या पंधरवड्यात अलिबाग, मुरूड, श्रीवर्धन, दापोली आणि गुहागर या तालुक्यांत प्रत्येकी एक दिवसाचे प्रात्यक्षिक शिबिर घ्यावे. 1886 पासून परळला उभे असलेले मुंबई पशुवैद्यकीय महाविद्यालय इथून दूर नाही, तिथल्या तज्ज्ञांना बोलावता येईल. किनाऱ्यावर घोडे फिरवण्यास परवानगी देणाऱ्या ग्रामपंचायतींनी दिवाळीपूर्वी प्रत्येक घोड्याच्या पाठीची तपासणी आणि वजनाची नोंद सक्तीची करावी. खर्च म्हणाल तर चार सोट, एक दोरी, थोड्या काकड्या आणि रोजचा अर्धा तास, एवढाच आहे. शिबिरासाठी आमचे अंगण आणि ती घोडी दोन्ही उपलब्ध आहेत, आणि घोडीच्या मालकाने स्वतः प्रात्यक्षिक दाखवण्याची तयारी दर्शवली आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त पशुधन पर्यवेक्षक,
रेवदंडा, ता. अलिबाग