‘नाच्या’ म्हणून हिणवता कुणाला?

महोदय,

माझा नातू सातवीत आहे, कथक शिकतो. शाळेच्या बसमध्ये मुलं त्याला ‘नाच्या’ म्हणून चिडवतात. घुंगरांची पिशवी तो हल्ली दप्तराच्या तळाशी दडवून नेतो. मला याचा फार संताप येतो. हीच मुलं विसर्जन मिरवणुकीत तासन्‌तास नाचतात, तेव्हा त्यांना कुणी काही म्हणत नाही!

नाच्या हे तमाशातलं कसबाचं काम. फडात बायका नव्हत्या तेव्हा लुगडं नेसून, पायांत चाळ बांधून पुरुषच लावणी नाचत. त्यासाठी ताल अंगात भिनलेला लागे. गणपत पाटलांनी पडद्यावर नाच्या अजरामर केला, पण लोकांनी खऱ्या आयुष्यातही त्यांची टिंगल सोडली नाही. तमाशाची पंढरी म्हणतात ते नारायणगाव आपल्याच जिल्ह्यात आहे. आणि आपण हा शब्द नाजूक चालणाऱ्या कुठल्याही मुलाच्या तोंडावर फेकतो. बसमधले काकाही हसतात, याचं जास्त वाईट वाटतं.

आपल्या रविवार पुरवणीत फडातल्या जुन्या नाच्यांच्या मुलाखती छापाव्यात, ही कळकळीची विनंती. मी त्या नातवाला वाचून दाखवीन.

– एक आजी, सहकारनगर, पुणे