दोन चकल्या

नागपूर, तान्हा पोळा

प्रिय सुध्या,

तुझे तीन फोन उचलले नाहीत आणि आता आठ महिन्यांनी पत्र लिहून राहिलो, तेही पेनाने. आधी शिव्या देऊन घे, मग पुढं वाच. तब्येती ठीक. आईचा गुडघा तसाच.

बर्डीवर अण्णांच्या हातची प्लेट हलली, तर्री माझ्या शर्टावर आली, मी चारचौघांत "नीट धरा ना!" म्हणून खेकसलो. तू म्हणालास, "थांब बे, तुझाही हलंल एक दिवस." तेही माझ्या बापासमोर. लागलं मले ते.

तर, हलून राहिला माझाही हात. उजवा, जूनपासून. आधी वाटलं कूलर टेबलाला टेकला असंल. कूलर बंद केला, बशी वाजतच होती.

अण्णांना रामदासपेठेत डॉक्टरकडे नेलं. इसेन्शियल ट्रेमर, म्हणजे हात आपोआप कापायचा आजार. कागदावर चकली काढायला लावली. वर्गात एका झटक्यात फळ्यावर गोल काढणारा माणूस, त्याची चकली करवतीच्या दात्यांची. हा कंप पुष्कळदा घराण्यातून उतरतो, अशा घरात पोराला यायची शक्यता निम्मी. एखादा पेग घेतला की कित्येकांचा हात थोडा वेळ शांत होतो, असंही डॉक्टर बोलून गेले. अण्णांनी त्यांच्याकडे तसंच पाहिलं, जसं आपल्या खिशातली सिगारेट सापडली तेव्हा पाहिलं होतं. (ती तुझी होती. मार मी खाल्ला.)

गोळ्या झाल्या, फरक नाही. आता डॉक्टर आवाजाच्या लहरींनी इलाज करू म्हणतात. भिंगानं हजेरीपटाला भोक पाडलं होतं ना आपण? तसंच. हेल्मेटमध्ये अल्ट्रासाऊंडचे 1024 स्रोत, एकेकट्यानं काही होत नाही, सगळे मेंदूत खोल थॅलॅमसमधल्या एका ठिपक्यावर भेटतात. कवटी आवाज वाकवते, म्हणून आधी डोक्याचा सीटी स्कॅन काढून प्रत्येकाची वेळ जुळवायची. डोकं तुळतुळीत, कारण केसांत हवा अडकते. भोवती गार पाणी. माणूस एमआरआयमध्ये जागा. आधी थोडंच तापवून हात थांबतो का पाहतात, मग 55-60 अंशांवर तेवढा ठिपका जाळतात. मधेमधे चकल्या काढायच्या. ओठ-बोटं बधिर होणं, तोल जाणं, हे होऊ शकतं.

अण्णांनी एवढंच विचारलं, "गोल येईल का?"

ते तयार आहेत. घाबरून मी राहिलो. जळलं ते जळलं, परत येत नाही. म्हणून रात्री त्यांची फाईल उघडून वाचत बसलो. मंद अल्ट्रासाऊंडचं दुसरं काम चालू आहे, त्यात जाळत नाहीत, पेशींना नुसतं ढकलतात, काही वेळानं असर उतरतो. लंडन-ऑक्सफर्डवाल्यांनी 2025 मध्ये 256 स्रोतांचं हेल्मेट दाखवलं, कवटी न उघडता मेंदूतल्या खोलवरच्या दृष्टीच्या केंद्रावर नेम धरला, परिणाम किमान 40 मिनिटं टिकला. सगळं अजून संशोधनातच. पहाटे तीनला ध्यानात आलं, अण्णांना आत्ता याचा काही उपयोग नाही. फाईल त्यांची आणि इलाज मी माझा शोधत होतो.

हे बायकोला सांगितलं नाही. अण्णांना तर नाहीच, त्यांना वाटंल त्यांनीच दिला. ते पाहुण्यांसमोर हात खिशात घालतात. परवा दोघंही तसेच बसलो होतो ओट्यावर. शेजारच्या काकू म्हणाल्या, "बापलेक काय लपवून राहिले?"

पोरीचं दहावीचं काय झालं? बदली थांबली का? वहिनींना नमस्कार.

पुढच्या महिन्यात अण्णांचं नक्की करायचं आहे. तू ये. ते तुझंच ऐकतात, नेहमीच ऐकलं.

पानामागं दोन चकल्या आहेत. एक अण्णांची, एक माझी, नावं टाकली नाहीत. ओळखता आली तर फोन कर. नाही आली तरी कर.

तुझा,
विन्या