नव्या कॉम्प्युटरवर विंडोज 7 टाकून घेण्याआधी

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

इंदुरात धनत्रयोदशीला नवा कॉम्प्युटर घरी किंवा दुकानात येतो आणि तुळशीचे लग्न लागले की पत्रिकांची कामे सुरू होतात. मधल्या दिवसांत कळते की जुना स्कॅनर, रेडियम कटिंगचा प्लॉटर किंवा पानमांडणीच्या पेजमेकरसोबतचे फॉन्टचे लॉक (परवाना तपासणारे, पोर्टला लावायचे छोटे उपकरण) विंडोज 11 वर चालत नाही. मग दुकानात सांगितले जाते, "सोडून जा, सेव्हन टाकून देतो." डिस्क पुसली जाते, कंपनीचे रिकव्हरी पार्टिशन (मूळ विंडोज परत बसवण्यासाठीचा डिस्कचा भाग) जाते आणि दोन दिवसांनी कॉम्प्युटर अर्धवट चालणारा परत मिळतो. प्रेसवाले आणि टायपिंगची कामे करणारे यात भरडले जातात, म्हणून हे पत्र.

पहिल्यांदा प्रोसेसरची पिढी पाहावी. आय3-4130 म्हणजे चौथी पिढी, आय5-12400 म्हणजे बारावी. चौथ्या पिढीपर्यंत सेव्हन सरळ बसते. 2015 मध्ये आलेल्या सहाव्या पिढीच्या बोर्डांपासून इंटेलने चिपसेटमधला जुना यूएसबी 2 चा कंट्रोलर काढला. सगळे पोर्ट यूएसबी 3 च्या कंट्रोलरवर गेले आणि सेव्हनच्या मूळ डीव्हीडीत त्याचा ड्रायव्हरच (उपकरण चालवणारा प्रोग्रॅम) नाही. त्यामुळे बायोसमध्ये (विंडोजच्या आधी चालणाऱ्या बोर्डाच्या प्रोग्रॅममध्ये) चालणारा कीबोर्ड सेटअपच्या पहिल्या निळ्या पडद्यावर मुका होतो. नमलॉक दाबून पाहा. दिवा लागत-विझत नसेल तर कीबोर्ड बिघडलेला नाही, ड्रायव्हर नाही. पुढे "सीडी/डीव्हीडीचा ड्रायव्हर हवा" असा संदेश येतो तोही याच कारणाने: ज्या पेनड्राइव्हवरून सेटअप सुरू झाला, तोच त्याला आता दिसत नाही. लोक पेनड्राइव्ह बदलत बसतात, त्याचा उपयोग नाही.

बोर्डावर जांभळा-हिरवा गोल पीएस/2 सॉकेट असेल तर त्यात जुना कीबोर्ड लावून पडदा पुढे नेता येतो (कॉम्प्युटर बंद असतानाच लावावा). पण पेनड्राइव्ह तरीही दिसणार नाही, म्हणून साटाचा (बोर्डाला आतून केबलने जोडायचा) डीव्हीडी ड्राइव्ह लागतो. नाहीतर डिझमने (विंडोजमधल्या कमांडने) यूएसबी 3 चा ड्रायव्हर सेटअपच्या बूट.विम आणि इन्स्टॉल.विम या दोन्ही फाइलींत मिसळावा लागतो. बूट.विममध्ये दोन इंडेक्स (भाग) असतात आणि सेटअप चालतो तो दुसऱ्यातून. फक्त पहिल्यात मिसळणारे पुष्कळ, आणि मग "जमत नाही" म्हणून सोडून देतात. एनव्हीएमई एसएसडी (नव्या पद्धतीची वेगवान डिस्क) असेल तर केबी 2990941 आणि केबी 3087873 हे मायक्रोसॉफ्टचे दोन हॉटफिक्सही (दुरुस्तीचे अपडेट) त्याच वेळी घालावेत, नाहीतर डिस्कची यादी रिकामी दिसते.

एवढे करूनही अकराव्या पिढीपासून गाडी अडतेच. सेव्हनला पडदा दाखवायला जुन्या पद्धतीचे व्हिडिओ बायोस लागते, म्हणजे बायोसमधले सीएसएम (जुनी पद्धत चालू ठेवणारी सोय) चालू असावे लागते. या पिढ्यांच्या अंगच्या ग्राफिक्सला ते येत नाही, त्यामुळे "स्टार्टिंग विंडोज"वर सगळे थिजते. वेगळे ग्राफिक्स कार्ड लावून सीएसएम चालू झालेच, तरी बोर्डाच्या आवाजाचे आणि नेटवर्कचे सेव्हनसाठी ड्रायव्हर मिळतीलच असे नाही.

यात सर्वांत जास्त दुर्लक्ष होते ते 32 आणि 64 बिटच्या प्रश्नाकडे. जुन्या प्लॉटरचा किंवा लॉकचा ड्रायव्हर 32-बिटचाच असेल तर तो 64-बिट विंडोजवर चालत नाही, मग ते सेव्हन असो की अकरा. म्हणजे 64-बिट सेव्हन टाकून मिळवले काहीच नाही. 32-बिट सेव्हन टाकायचे तर ते जुन्या बूट पद्धतीने, एमबीआर (जुन्या पद्धतीच्या विभागणीच्या) डिस्कवरच चालते आणि 16 जीबी रॅम लावलेली असली तरी वापरते चार जीबीपेक्षा कमी. आधी ड्रायव्हरच्या सीडीत पाहावे, मग बोलावे.

आमच्या मते बहुतेकांनी नव्या कॉम्प्युटरवरचे विंडोज 11 जसेच्या तसे ठेवावे आणि सेव्हन व्हर्च्युअलबॉक्समध्ये (विंडोजच्या आत दुसरा, आभासी कॉम्प्युटर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये) बसवावे. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करावे. 32-बिट सेव्हनला दोन जीबी रॅम, दोन प्रोसेसर आणि 40 जीबीची डिस्क पुरते. खिडकीच्या कोपऱ्यात हिरवे कासव दिसले तर विंडोजचे स्वतःचे आभासी कॉम्प्युटरचे हायपर-व्ही आडवे आले आहे आणि सगळे संथ चालणार. त्यासाठी बहुधा विंडोज सिक्युरिटीच्या कोअर आयसोलेशनमधले मेमरी इंटिग्रिटी बंद करावे लागते. गेस्ट अॅडिशन्स (व्हर्च्युअलबॉक्सचे आतल्या सेव्हनसाठीचे ड्रायव्हर) बसत नसतील तर सर्व्हिस पॅक 1 वर आधी केबी 4490628, मग केबी 4474419 टाकावे. त्याशिवाय सेव्हनला नव्या ड्रायव्हरांची शा-2 सही (ड्रायव्हर खरा असल्याची डिजिटल खूण) ओळखता येत नाही. यूएसबीचे लॉक व्हर्च्युअलबॉक्सच्या यूएसबी फिल्टरमध्ये जोडले की आत दिसते. छपाईसाठी पीडीएफ करून शेअर्ड फोल्डरमध्ये ठेवावी आणि प्रिंट बाहेरून द्यावी. सेव्हनला स्वतंत्र परवाना लागतो. जुन्या डब्यावरच्या स्टिकरचा परवाना त्या डब्यापुरताच असतो.

25 पिनांच्या पॅरलल पोर्टच्या (जुन्या प्रिंटरच्या पोर्टच्या) लॉकचे मात्र व्हर्च्युअलबॉक्समध्ये जमत नाही. बाजारातली यूएसबी-ते-पॅरलल वायर फक्त प्रिंटरसाठी असते, लॉक तिच्यातून बोलत नाही. पीसीआय एक्सप्रेसचे पॅरलल कार्ड कॉम्प्युटरच्या आत वेगळा पत्ता घेते आणि बरीच जुनी लॉक 378 हाच पत्ता शोधतात. अशा वेळी एच81 चिपसेटच्या बोर्डाचा, चौथ्या पिढीचा जुना कॉम्प्युटर घ्यावा. बोर्डावर एलपीटी (पॅरलल) पोर्ट किंवा त्याचा हेडर (बोर्डावरचा पिनांचा जोड) आहे ना, हे डबा उघडून पाहूनच पैसे द्यावेत.

सेव्हनचे सर्वसामान्यांसाठीचे सुरक्षा अपडेट 14 जानेवारी 2020 रोजी थांबले. क्रोमची शेवटची आवृत्ती 109. म्हणून त्या मशीनला, व्हर्च्युअल असो की खरे, नेट जोडू नये. यूपीआय, बँक, जीएसटी त्यावर मुळीच नको.

आणि दुकानात कुणी बायोसमधले सिक्युअर बूट बंद करायला हात घालण्यापूर्वी बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची) 48 अंकी रिकव्हरी की कागदावर लिहून घ्यावी. नव्या लॅपटॉपांत एन्क्रिप्शन बहुधा आपोआप चालू असते. बायोस बदलताच ती की मागितली जाते आणि ती नसेल तर आतला डेटा कुणालाच काढता येत नाही. की मायक्रोसॉफ्टच्या खात्यात सापडते. ते खाते कुणाच्या मोबाइल नंबरवर उघडले होते, हे बिलावरच लिहून ठेवा.

आपले,
संगणक दुरुस्तीचे काम करणारे काही वाचक,
रामबाग, इंदूर