पोरांना रॉकेट बनवायला जागा द्या, नाहीतर ते गच्चीवर बनवणारच

मा. संपादक साहेब, सप्रेम नमस्कार.

आमच्या गल्लीतला बारावीचा एक पोरगा मागच्या महिन्यात उजव्या हाताची तीन बोटं भाजून बसला, भुवई पण अर्धी जळाली. घरी सांगितलं फटाका होता. माझ्याकडे येऊन मात्र खरं बोलला, की व्हिडिओ बघून रॉकेटचं इंधन बनवत होतो काका, गच्चीवर, आईच्या जुन्या कढईत.

मी ३१ वर्षं वरणगावच्या ऑर्डनन्स फॅक्टरीत, म्हणजे दारूगोळ्याच्या सरकारी कारखान्यात काढली, म्हणून मला राहवलं नाही. आमच्याकडे स्फोटक दारूच्या खोलीत जायचं तर काडीपेटी-मोबाईल गेटवरच, अंगात सुती कपडे, बूट बदलायचे, तांब्याच्या पट्टीला हात लावून अंगातली वीज उतरवायची मग आत. खोलीत माणसं किती आणि माल किती हे दारावरच्या पाटीवर लिहिलेलं, एक माणूस जास्त दिसला की सुपरवायझर बाहेर काढायचा. एवढं सगळं करून पण रोज भीती असायची, आणि हा पोरगा एकटाच, अंगात नायलॉनचा टी-शर्ट, खाली घरची माणसं झोपलेली.

पण पोरगं हुशार आहे हो. त्याने वही दाखवली, तारीख, वजन, किती सेकंद जळलं, सगळं लिहिलेलं. त्याचा प्रश्न एकच होता, पहिलं सरळ गेलं मग त्याच मालाचं दुसरं नळीसकट का फुटलं? याचं कारण असं की घन इंधनाच्या कांडीत बारीक चीर नाहीतर हवेचा बुडबुडा राहिला की आग तिथून आत शिरते, एकदम जास्त पृष्ठभाग जळायला लागतो, गॅस बाहेर पडायला तोंड तेवढंच, मग दाब वाढतो आणि नळी फुटते. ही चीर डोळ्याला दिसत नाही, मोठ्या कारखान्यात त्यासाठी एक्स-रे काढतात. त्यात घरी केलेला माल ओल धरतो, आपल्याकडे मे महिन्यात ४५ डिग्री आणि श्रावणात भिंतीला पाणी, म्हणजे आज केलेलं आठवड्याने तसंच जळेल याचा भरवसा नाही. थोडा माल म्हणजे थोडा धोका, असं पोरांना वाटतं, आणि तिथेच घात होतो. इस्रोसारख्या ठिकाणी, जिथे पीएसएलव्ही रॉकेटच्या पहिल्या टप्प्यात १३८ टनांच्या आसपास घन इंधन भरतात, तिथे सुद्धा २००४ साली श्रीहरिकोट्याला इंधनाने पेट घेऊन ६ जण गेले.

आणि कायदा बघा, स्फोटक कायदा १८८४ चा, नियम २००८ चे, लायसन्सशिवाय असलं काही बनवणं गुन्हाच. ते बरोबरच आहे, मी त्याच्या विरोधात नाही. पण हे नियम कारखाना डोळ्यासमोर ठेवून केलेले आहेत, शिकणाऱ्या पोराने कुठे जायचं? अमेरिकेत १९५० च्या दशकापासून कारखान्यात तयार झालेल्या, तपासलेल्या रॉकेटच्या छोट्या मोटारी (इंधन भरलेल्या तयार नळ्या) मिळतात, पोरं फक्त रॉकेट बनवतात, इंधनाला हात लावत नाहीत. आपल्याकडे हे का होऊ नये?

आपल्या भागात भुसावळ आणि वरणगाव अशा दोन फॅक्टऱ्या, स्फोटक दारूसोबत आयुष्य काढलेले माझ्यासारखे किती तरी रिटायर लोक गावोगावी बसून आहेत. जळगावच्या विद्यापीठाने गावाबाहेर एक शेड आणि मोकळं मैदान द्यावं, नागपूरच्या पेसो ऑफिसकडून (स्फोटकांची परवानगी देणारं केंद्र सरकारचं खातं) रीतसर परवानगी काढावी, तयार मोटारी तिथेच कुलपात ठेवाव्या, आम्ही फुकट येऊन उभे राहू. तोपर्यंत निदान शाळांनी पाण्याचं रॉकेट तरी करून घ्यावं, बाटली, सायकलचा पंप आणि व्हॉल्व्ह एवढ्यात होतं, दाब आणि जोर दोन्ही कळतात (त्यातही बाटली फुटू शकते, लांबूनच पंप मारावा).

परवा पोरगा ड्रेसिंग बदलून सरळ माझ्याकडे आला, वही काखेतच होती. विचारत होता, काका पुढची टेस्ट कुठं करू. मला जागा सांगता आली नाही.

आपला,
एक रिटायर कामगार,
वरणगाव, ता. भुसावळ, जि. जळगाव