रक्ताच्या आकड्याआधी माझा गाल बघणाऱ्या आक्कांना

आक्का, नमस्कार.

तुमचं नाव इथं लिहीत नाही, तुम्हाला ते आवडायचं नाही. पण खानापूरकडून बेळगावला तुमच्या लॅबमध्ये रक्त तपासायला येणाऱ्या बायका हे वाचून तुम्हाला बरोबर ओळखतील.

मला पीसीओएस, म्हणजे हार्मोन बिघडून पाळी अनियमित होण्याचा त्रास, असल्याचं आधीच ठरलं होतं. पुढं हृदयाचा धोका किती, ते बघायला डॉक्टरांनी शुगर-कोलेस्टेरॉलबरोबर एचएस-सीआरपी लिहून दिली, म्हणजे अंगातली सूज दाखवणाऱ्या सीआरपी या प्रथिनाची रक्ततपासणी. रिपोर्ट आधी मोबाईलवर आला. 12.6, ठळक अक्षरात, शेजारी वर जाणारा बाण. काकींनी लगेच निकाल लावला, "पिशवीलाच सूज आली असणार. काढून टाका म्हणावं." माझं वय एकतीस!

छापील रिपोर्ट न्यायला आले, तर तुम्ही कागदाआधी माझ्याकडं बघितलंत. "गाल का सुजलाय गं?"

दाढ ठणकत होती, लवंग धरून दिवस काढत होते. तुम्ही पाकीट उलटं करून पेननं लिहिलंत: 1 च्या खाली हृदयाला धोका कमी, 1 ते 3 मध्यम, 3 च्या वर जास्त. आणि 10 वर एक गोल. "इतका आकडा आला की आधी ताप, जखम, दात बघायचं. हे लिव्हरमध्ये तयार होतं, जंतूंनी कुठंही घर केलं की वाढतं. डॉक्टरांना दाढेचं सांग, बरी झाली की परत तपासायचं का विचार." मागं रांग कुरकुरत होती, तुम्ही ढिम्म.

डॉक्टरांनीही तेच सांगितलं. दाढेचा इलाज झाल्यावर परत केलं, 3.4 आलं. म्हणजे अगदी स्वच्छ नाही. पोटावरची चरबी लिव्हरला सारखे निरोप धाडते, त्यानं सीआरपी थोडं चढंच राहतं. पीसीओएस असलेल्या बारीक बायकाही यातून सुटत नाहीत म्हणे. 2011 मध्ये बरेच अभ्यास एकत्र करून पाहिले, तेव्हा पीसीओएसवाल्यांचं सरासरी सीआरपी जवळपास दुप्पट भरलं होतं. पण पीसीओएस ठरतं ते पाळी, पुरुषी हार्मोन आणि सोनोग्राफीवरून. या आकड्यावरून नाही. तरी पॅकेजमध्ये घालून तो सर्रास विकतात, आणि समजावून कोणी सांगत नाही.

आता चालणं, वजन, झोप एवढ्यावर भर आहे. काकी पिशवीचं नाव काढत नाहीत.

पुढच्या तपासणीला येताना बेळगावची मिठाई, कुंदा, आणणार नाही, शुगरच्या रांगेत तो शोभत नाही. घरचे काजू आणते. नको म्हणू नका.

तुमची,
खानापूरची दाढवाली